लहान कारखान्यात कुशल माणूस कसा मिळवावा आणि कसा टिकवावा

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव. महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीतून सकाळी चक्कर मारली, तर दर चार-पाच गेटांमागे एका गेटावर ‘सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर पाहिजेत’ अशी पाटी दिसते. सीएनसी आणि व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन. पाटीचा रंग उडालेला असतो, कारण ती वर्षानुवर्षे काढलेलीच नसते. पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान इंजिनिअरिंग कारखान्यांसाठी भरती आणि पगारपत्रकाचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि या काळात सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे ‘माणसेच मिळत नाहीत’. माझा अनुभव मात्र थोडा वेगळा आहे. माणसे मिळतात, ती थांबत नाहीत, आणि का थांबत नाहीत याची नोंद आपल्याकडे नसते. म्हणून वीस ते शंभर माणसांच्या कारखान्यासाठी लिहिलेला हा लेख भरतीपासून सुरू होत नाही, तो गेलेल्या माणसांपासून सुरू होतो.

एक गोष्ट आधीच मान्य करू. चाकणच्या मोठ्या वाहन कंपनीएवढा पगार, बस आणि कँटीन लहान कारखाना देऊ शकणार नाही, आणि त्या शर्यतीत उतरण्याचे कारणही नाही. मोठ्या कंपनीत नवा मुलगा अनेकदा वर्षभर एकाच मशीनवर एकच काम करतो. आपल्याकडे तो दोन वर्षांत पाच प्रकारची कामे शिकू शकतो, मालकाशी थेट बोलू शकतो आणि त्याच्या हातचे काम कोणाच्या तरी नजरेत राहते. या तीन गोष्टी खरोखर देता आल्या तर माणूस टिकतो. मात्र त्या आपोआप मिळत नाहीत, त्या ठरवून द्याव्या लागतात.

गेलेल्या माणसांची वही

मागील दोन वर्षांचे मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, काढा आणि सोडून गेलेल्या प्रत्येकाची एका ओळीत नोंद करा: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कोणते मशीन, कोणती शिफ्ट, कोणत्या सुपरवायझरच्या हाताखाली, शेवटचा पगार, पुढे कुठे गेला. या कामाला एक दुपार पुरते. मी ज्या ज्या ठिकाणी ही वही केली, तिथे दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. पहिली म्हणजे, जाणाऱ्यांपैकी मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांतच जातो. दुसरी म्हणजे, गळती सगळीकडे सारखी नसते. ती एखाद्या शिफ्टला किंवा एखाद्या सुपरवायझरच्या हाताखाली साचलेली असते. ‘आजकालच्या मुलांना काम नको’ हे स्पष्टीकरण खरे असते, तर ती सर्व शिफ्टमधून सारखीच गेली असती.

त्यानंतर एका माणसाच्या जाण्याची किंमत काढा. समजा, तुमच्या व्हीएमसीचा तासाचा दर 450 रुपये आहे आणि नवा ऑपरेटर पहिले दोन महिने जुन्याच्या 60 टक्केच काम देतो. महिन्याचे 25 दिवस आणि दिवसाचे 8 तास धरले, तर दर महिन्याला 80 तास वाया जातात, दोन महिन्यांत 160 तास, म्हणजे 72,000 रुपये. रिजेक्शन (तपासणीत नाकारलेला माल), तुटलेली टूल्स आणि ग्राहकाची उशिरा गेलेली डिलिव्हरी यात धरलेलीच नाही. याच माणसाला महिन्याला 2,000 रुपये वाढवून दिले असते, तर वर्षाचा खर्च 24,000 रुपये आणि त्यावरील पीएफ (भविष्य निर्वाह निधी) व विम्याची वर्गणी एवढाच झाला असता. आपल्या दराने हा हिशेब प्रत्येक मालकाने स्वतः, स्वतःच्या हाताने मांडावा, असा माझा आग्रह आहे, कारण दुसऱ्याने सांगितलेला आकडा मनावर घेतला जात नाही.

खरे कारण माणूस जाताना सांगत नाही. लातूर जिल्ह्यातला एक ऑपरेटर तीन वर्षे उत्तम काम करून गेला, तेव्हा ‘शेजारच्या कंपनीने दीड हजार जास्त दिले’ एवढेच सर्वांनी धरून चालले. पीएफच्या कामासाठी दहा-बारा दिवसांनी त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, पैशासाठी नाही हो गेलो. रात्री दहाला मेसेज यायचा, उद्या सेकंड शिफ्टला या म्हणून. बायको नर्सिंग करतेय, लेकरू लहान आहे. रोज कुणाच्या दारात ठेवायचं त्याला?’ त्या कारखान्याने पुढच्या महिन्यापासून शिफ्टचा तक्ता पंधरा दिवस आधी लावायला सुरुवात केली. त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही. सोडून गेलेल्यांना दोन आठवड्यांनी, हिशेब मिटल्यावर, त्यांच्या वरिष्ठाने नव्हे तर दुसऱ्या कोणीतरी फोन करावा. त्या वेळी माणूस मोकळेपणाने बोलतो.

पगार कागदावर आणि पगार हातात

भरतीच्या वेळी बहुतेक गैरसमज याच जागी होतात. ‘वीस हजार देऊ’ असे सांगितले जाते आणि पहिल्या महिन्यात खात्यात त्याहून कमी जमा होतात. मुलगा फसवल्यासारखा होतो, आणि त्याचे चुकलेले नसते. महिन्याचा एकूण पगार 20,000 आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता 15,000 किंवा अधिक असेल, तर पीएफच्या सध्याच्या 15,000 रुपयांच्या मर्यादेवर 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये, ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, 0.75 टक्के म्हणजे 150 रुपये आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर 200 रुपये कापून हातात 17,850 रुपये येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 रुपये असतो. महिलांना महाराष्ट्रात महिना 25,000 रुपयांपर्यंत हा कर नाही. हा सगळा हिशेब मुलाखतीच्या वेळी एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावा. त्याच कागदावर मालक त्याच्या नावावर वेगळे किती भरतो तेही लिहावे: पीएफचे तेवढेच 12 टक्के आणि ईएसआयचे 3.25 टक्के. पीएफचा कापलेला पैसा बुडालेला नाही, तो आपल्याच नावावर जमा होत आहे, हे अनेक मुलांना कोणी कधी सांगितलेलेच नसते. पीएफ 20 आणि ईएसआय 10 माणसांपासून लागू होते. आकडा त्या खाली ठेवण्यासाठी निम्मी माणसे कागदावर न दाखवणारा कारखाना चांगला माणूस स्वतःहून दूर लोटतो, कारण चांगला माणूस आता मोबाईलवर आपली पीएफची नोंद तपासतो.

इथे एक बारीक जागा आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पगार 21,000 रुपयांच्या वर गेला की कामगार ईएसआयच्या कक्षेबाहेर जातो. वर्गणीचा चालू सहामाही काळ, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत त्याची वर्गणी चालू राहते, आणि त्यानंतर काही महिन्यांत कुटुंबाच्या दवाखान्याचे छत्र जाते. पगारवाढीचा आनंद वर्षभरात एखाद्या बाळंतपणात किंवा अपघातात विरून जातो. म्हणून कोणाचाही पगार ही रेषा ओलांडणार असेल, तर त्याच महिन्यात समूह आरोग्य विम्याची तजवीज करावी आणि त्याच्या पत्नीलाही विम्याचे कार्ड कसे वापरायचे ते कळेल अशी व्यवस्था करावी. ज्यांनी हे केले, त्यांच्याकडची जुनी माणसे सहसा हलत नाहीत.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, दर महिन्याला एकाच दिवशी झाला पाहिजे. खोलीचे भाडे आणि गावाकडचा हप्ता त्याच दिवसावर बेतलेला असतो. आणि ओव्हरटाईम कायद्याप्रमाणे दुप्पट दरानेच द्यावा. ओव्हरटाईमचे तास लिहिण्यात होणाऱ्या कुरबुरीमुळे मी जेवढी माणसे जाताना पाहिली, तेवढी कमी पगारामुळे पाहिली नाहीत.

माणूस शोधायचा कुठे

जाहिरातीपासून बोलू. ‘अनुभवी ऑपरेटर पाहिजे, पगार योग्यतेनुसार, त्वरित भेटा’ या मजकुरात उमेदवाराला उपयोगी असे एकही अक्षर नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘व्हीएमसी ऑपरेटर, दोन जागा. फॅनक कंट्रोल. ऑफसेट देता येणे आवश्यक, सेटिंग आम्ही शिकवू. एकूण पगार 20,000, हातात सुमारे 17,850. दोन शिफ्ट, दर पंधरा दिवसांनी बदल. साप्ताहिक सुट्टी गुरुवार. पीएफ, ईएसआय पहिल्या दिवसापासून.’ (फॅनक म्हणजे मशीनच्या संगणकाचा ब्रँड, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापातली बारीक दुरुस्ती, सेटिंग म्हणजे नव्या कामासाठी मशीन मांडणे.) अशा जाहिरातीला फोन कमी येतात, पण जे येतात ते समजून उमजून आलेले असतात.

सर्वात भरवशाचा झरा म्हणजे तुमच्याकडे आज काम करणारी माणसे. ओळखीने आलेला मुलगा जास्त टिकतो, कारण त्याला आणणाऱ्याने खरी परिस्थिती आधीच सांगितलेली असते. ओळखीने माणूस आणणाऱ्याला बक्षीस द्यायचे असेल, तर ते रुजू झाल्यावर नव्हे, नवा माणूस सहा महिने टिकल्यावर द्या. एक काळजी मात्र घ्या: एकाच गावची, एकाच भावकीची सात-आठ माणसे एका शिफ्टला साचू देऊ नका. गावात लग्न असले की अख्खी शिफ्ट रिकामी होते, आणि एकाशी वाद झाला तर सगळे एकत्र बाहेर पडतात.

दुसरा झरा म्हणजे आयटीआय, अर्थात औद्योगिक प्रशिक्षण संस्था. महाराष्ट्रात 400 हून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि बहुतेक तालुक्यांत एक तरी आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एका वर्षाचा. मालक परीक्षा झाल्यावर तिथे धाव घेतात, तोपर्यंत मोठ्या कंपन्या येऊन गेलेल्या असतात. तुम्ही पहिल्या वर्षातच जा. निदेशकांना भेटा, वापरलेली पण चांगली इन्सर्ट (टूलची बदलता येणारी पाती) आणि रिजेक्ट झालेले जॉब (मशीनवर घडवलेले भाग) सरावासाठी द्या, वर्षातून एकदा मुलांना आपल्या शॉपवर बोलवा आणि त्यांच्यासमोर एक जॉब कच्च्या मालापासून तपासणीपर्यंत पूर्ण करून दाखवा. अशा एका भेटीत शेवटच्या रांगेतला एक मुलगा मायक्रोमीटर हातात घेऊन वाचनाचा आकडा हळूच पुटपुटत होता आणि चार्जहँडच्या, म्हणजे गटप्रमुख कारागिराच्या, आधी त्याचे उत्तर येत होते. त्याचे नाव त्याच दिवशी लिहून घेतले होते. आज तो तिथे सेटिंग करतो.

तिसरा मार्ग शिकाऊ उमेदवारांचा, म्हणजे अप्रेंटिसचा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत 2019 साली बदल झाले. त्यानुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, कमाल 1,500 रुपये महिना, केंद्र सरकार उचलते आणि आता तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. कायद्याखाली नोंदलेल्या शिकाऊ उमेदवाराला पीएफ आणि ईएसआय लागू नाही. विद्यावेतनाचे किमान दर वेळोवेळी बदलतात, ते शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर पाहूनच करार करावा. राज्य सरकारनेही 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्यांना 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले.

मात्र या योजनांकडे स्वस्त मजुरी म्हणून पाहणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की तसे करू नका. शिकाऊ मुलाला वर्षभर डिबरिंग (कडांची खरखर काढणे) आणि पॅकिंगला लावले, तर करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तो जातो आणि आपल्या आयटीआयमध्ये तुमच्या कारखान्याची कीर्ती सांगतो. त्याला तिमाहीनुसार लिहिलेला अभ्यासक्रम द्या: पहिल्या तिमाहीत मोजमाप आणि ड्रॉईंग वाचन, दुसरीत मशीनवर लोडिंग आणि ऑफसेट, तिसरीत सेटिंगला मदत, चौथीत देखरेखीखाली स्वतंत्र जॉब. परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाईमला ठेवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

निवड: तोंडी प्रश्न कमी, हातचे काम जास्त

‘पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे पाहता’ हा प्रश्न ऑपरेटरला विचारण्यात अर्थ नाही. त्याला एक ड्रॉईंग आणि तयार जॉब द्या, व्हर्निअर व मायक्रोमीटर द्या, आणि जॉब पास आहे की नाही ते सांगायला सांगा. नंतर एक बोअर (आतले भोक) मुद्दाम पाच शतांश मिलिमीटरने मोठा ठेवलेला जॉब द्या. तो सापडला की नाही यापेक्षा सापडल्यावर तो काय करतो ते पाहा. घाईने पुढे ढकलणारा, गप्प बसणारा आणि ‘साहेब, हा परत एकदा बघा’ म्हणणारा, असे तीन प्रकार तुम्हाला दहा मिनिटांत वेगळे दिसतील. मशीनवर अर्धा किंवा पूर्ण दिवस चाचणी घेतली तर त्या दिवसाची मजुरी संध्याकाळी हातात द्यावी, निवड होवो वा न होवो. आणि कोणाचेही मूळ प्रमाणपत्र ठेवून घेऊ नये. कागद अडकवून माणूस अडकत नाही, त्याचे मन मात्र त्याच दिवशी उठते.

कामाची अवघड बाजूही इथेच सांगून टाका. उन्हाळ्यात शेड तापते, महिनाअखेरीला डिस्पॅचचा ताण असतो, कूलंटचा वास सहन करावा लागतो. हे ऐकून जो जाईल तो आजच जावा, तीन आठवड्यांनी नव्हे.

पहिला दिवस आणि पहिले नव्वद दिवस

संपूर्ण लेखातील सर्वात महत्त्वाची पायरी ही आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात बीड जिल्ह्यातून आलेला मुलगा सकाळी साडेसातला गेटवर उभा होता. खांद्याला बॅग, हातात प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रे. सिक्युरिटीच्या वहीत त्याचे नाव नव्हते. पावणेदहाला सुपरवायझर आला आणि ‘तिथं थांब जरा’ म्हणून आत गेला. सेफ्टी शूज त्याच्या मापाचे नव्हते, म्हणून मशीनवर न जाता त्याला चिप्स गोळा करायला लावले. जेवणाच्या सुट्टीत कँटीनला कूपन लागते हे त्याला ठाऊक नव्हते. नळाजवळच्या कट्ट्यावर बसून त्याने पिशवीतली कालची भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या नावापुढे मस्टरवर ‘कामाची आवड नाही’ असा शेरा होता. तो शेरा मी वाचला आणि तो दिवस मला आजही विसरता आलेला नाही, कारण त्याला रुजू करून घेण्याचा कागद माझ्याच हातचा होता.

त्यानंतर मी आदल्या दिवशीची यादी तयार केली आणि ती पूर्ण झाल्याशिवाय कोणाला रुजू होण्याची तारीख द्यायची नाही, असे ठरवले. गेटवर नाव दिलेले असावे. बुटांचे माप मुलाखतीच्या दिवशीच घेतलेले असावे. लॉकरची चावी, गणवेश, कूपन तयार असावे. राहण्याची सोय झाली आहे की नाही हे फोनवर विचारलेले असावे. आणि एक जोडीदार ठरलेला असावा, जो त्याच मशीनवरचा, शक्यतो दोन-तीन वर्षेच जुना असलेला मुलगा असेल, जो पहिले पंधरा दिवस त्याच्यासोबत जेवेल आणि ज्याला विचारताना नव्या माणसाला संकोच वाटणार नाही. या जोडीदाराला महिन्याला काही रक्कम जरूर द्या, कारण तो तुमचेच काम करत असतो.

नियुक्तीपत्र पहिल्याच दिवशी, मराठीत आणि त्याला समजेल अशा वाक्यांत द्यावे. हिंदी भाषक असेल तर हिंदीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे, पण कायद्यासाठी नव्हे, तर त्या कागदावर त्याला खोली भाड्याने मिळते, बँकेत खाते उघडते आणि घरी दाखवता येते, म्हणून ते द्यावे. ठरावीक मुदतीच्या करारावर माणूस घेतला असेल, तर नव्या संहितेप्रमाणे एका वर्षाच्या सेवेनंतर त्याला ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेच्या वर्षांनुसार नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, हक्क मिळतो, हेही त्याला आधीच सांगा.

पुढे सातव्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी त्याच्याशी पंधरा मिनिटे बसून बोला. सातव्या दिवशी विचारायचे ते झोप, जेवण आणि खोलीबद्दल. तिसाव्या दिवशी पहिली पगाराची चिठ्ठी समोर ठेवून एकेक रकाना समजावून द्या. साठाव्या दिवशी काम: कोणता जॉब जमतो, कोणता जमत नाही, कोण शिकवतो, कोण ओरडतो. नव्वदाव्या दिवशी पुढील वर्षाचा रस्ता.

सुपरवायझर

लोक कारखाना सोडत नाहीत, बऱ्याचदा ते सुपरवायझरला सोडतात. आपल्याकडे उत्तम कारागिराला बढती देऊन सुपरवायझर करतात आणि माणसे सांभाळायला त्याला कोणी शिकवत नाही. परिणामी एक चांगला सेटर जातो आणि एक त्रासलेला सुपरवायझर मिळतो. त्याला निदान चार गोष्टी बसवून शिकवा. चूक झाली तर माणसाला बाजूला घेऊन सांगावे, मशीनपाशी चारचौघांत नाही. आई-बहिणीवरून शिवी हा शॉपचा रिवाज असू शकत नाही, कितीही घाई असली तरी. रजेचा अर्ज आला की त्याच दिवशी हो किंवा नाही सांगावे. आणि रिजेक्शन झाले तर आधी कारण शोधावे, मग माणूस. त्याच्या वार्षिक मूल्यमापनात उत्पादनाच्या आकड्याबरोबर त्याच्या हाताखालून किती माणसे गेली हा आकडाही धरा. हे जाहीर झाल्यावर शिव्यांचे प्रमाण किती झपाट्याने उतरते, ते मी पाहिले आहे.

रजेचा विषय आपल्या मातीशी बांधलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. कोकणातला मुलगा गणपतीला घरी जाणारच. मराठवाड्यातल्या मुलाला जूनमध्ये पेरणीला आणि नंतर पोळ्याला गाव हाक मारते. कोणाच्या घरात वारी असते, बिहारचा मुलगा दिवाळीनंतरच्या छठला निघतो. प्रत्येकाला गावची जत्रा आहे, आणि जत्रा तिथीवर असते, तारखेवर नाही. म्हणून दर जानेवारीत प्रत्येकाला त्याच्या जत्रेची तिथी विचारा, दिनदर्शिकेवरून त्या वर्षीची तारीख काढा आणि सगळ्या रजा एका मोठ्या तक्त्यावर मांडा. जिथे चार जणांच्या रजा एकत्र येतात, तिथे आधीच माल तयार करून ठेवा किंवा त्या चौघांना बसवून आपसात ठरवू द्या. न सांगता गैरहजर राहणे यामुळे बरेच कमी होते. रजा नाकारल्यामुळे खोटे सांगून गेलेला माणूस परत येताना शरमतो, आणि त्या शरमेपायी कित्येक जण परत येतच नाहीत.

पुढचा रस्ता भिंतीवर लावा

टिकवण्याचे सर्वात बलवान साधन शिकवणे हेच आहे. शॉपच्या भिंतीवर एक तक्ता लावा: डावीकडे नावे, वर कौशल्ये. मोजमाप, ऑफसेट, टूल बदलणे, सेटिंग, प्रोग्राममध्ये दुरुस्ती, नवा प्रोग्राम लिहिणे. ज्याला जे येते तिथे खूण. प्रत्येक नव्या खुणेसाठी ठरलेली चाचणी आणि ठरलेली पगारवाढ असावी, आणि चाचणी कोणालाही केव्हाही मागता यावी. एप्रिलमध्ये मालकाच्या मर्जीने होणाऱ्या वाढीपेक्षा ‘सेटिंगची चाचणी पास झालो की इतके वाढतात’ हे स्पष्ट असणे माणसाला अधिक बांधून ठेवते. तक्ता लागल्यावर एक गोष्ट उघड होते: एखादे कौशल्य साऱ्या कारखान्यात एकाच माणसाला येत असते. तो आजारी पडला तर काय, याचा विचार तिथेच सुरू होतो.

‘शिकवले की जातो’ ही तक्रार खरी आहे. काही जण जातील. पण न शिकवलेला माणूस वर्षानुवर्षे तिथेच राहणे हे कोणत्या मालकाला हवे आहे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेतून ‘कमवा आणि शिका’ हा विचार याच महाराष्ट्रात रुजवला. कारखान्याच्या मालकाला तो पुढे नेण्याची संधी रोज असते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत प्रशिक्षणाला पाठवता येते. 1989 मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पुढील शिक्षण घेता येते. फी अर्धी भरा आणि परीक्षेच्या काळात सलग पहिली शिफ्ट द्या. ही दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी ठरते.

महिला, खोली, पाणी

महिला ऑपरेटर आणि क्वालिटी इन्स्पेक्टर घेण्यात अनेक लहान कारखाने कचरतात आणि निम्मी माणसे स्वतःच वगळतात. सुरुवात स्वच्छ, आतून कडी लागणाऱ्या वेगळ्या स्वच्छतागृहापासून करा. तेवढेही नसेल तर जाहिरात देऊ नका. येण्याजाण्याची सोय ठरवा. पहिल्या वेळी एकटी मुलगी घेण्याऐवजी दोघी-तिघींना एकत्र घ्या. 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, आणि तिच्या सदस्यांची नावे व फोन शॉपवर लावलेले असावेत. कायद्याप्रमाणे प्रसूती रजा 26 आठवडे आहे, आणि 50 किंवा अधिक माणसे असतील तर पाळणाघराची जबाबदारी येते.

बाहेरगावच्या मुलांच्या खोलीकडे दुर्लक्ष करू नका. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना नेला, तेव्हा माणसे तिथे राहू शकतील अशी वसाहतही त्यासोबत उभी केली, म्हणून त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. आपण वसाहत बांधू शकत नाही, पण ओळखीच्या घरमालकाकडे दोन खोल्या घेऊन अनामत रक्कम भरू शकतो आणि ती पगारातून हप्त्याने वळती करू शकतो. प्यायचे थंड पाणी, वेळेवर चहा, शेडला पुरेसे पंखे: यावर अधिक लिहिण्याची गरज नाही, ते असलेच पाहिजे.

राहणाऱ्याशी बोलणे, जाणाऱ्याला निरोप देणे

दर सहा महिन्यांनी प्रत्येक जुन्या माणसाला तीन प्रश्न विचारा: इथे काय बरे वाटते, कशाचा त्रास होतो, आणि दुसरीकडून बोलावणे आले तर कशासाठी जाल? उत्तरातील एक तरी गोष्ट महिन्याभरात करून दाखवा, अन्यथा पुढच्या वेळी कोणी खरे बोलणार नाही. पाचव्या वर्षाच्या जवळ आलेल्यांकडे विशेष लक्ष द्या. नियमित सेवेत पाच वर्षांनी ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, आणि ती किती होईल हे लिहून दाखवा. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता 18,000 आणि सेवा सहा वर्षे असेल, तर 18,000 ला 26 ने भागून 15 ने आणि 6 ने गुणले की सुमारे 62,300 रुपये होतात. हा आकडा कोणी दाखवलेलाच नसतो.

आणि तरीही कोणी निघाला, तर त्याला अडवून धरू नका. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत त्याचे देय वेतन द्यावे लागते. ते वेळेत द्या, अनुभवाचे पत्र त्याच दिवशी द्या, पीएफची बाहेर पडल्याची तारीख पोर्टलवर लगेच भरा. ती न भरल्याने पैसे अडकलेले कित्येक जण मला वर्षानंतर फोन करतात. शेवटच्या दिवशी सगळ्यांसोबत चहा घ्या आणि मालकाने स्वतः त्याला सांगावे की परत यावेसे वाटले तर थेट फोन कर. असा फोन आला, तर त्याला जुन्या पगारावर बोलावू नका. आजच्या दराने घ्या, भिंतीवरच्या तक्त्यावर त्याच्या जुन्या खुणा तशाच ठेवा, आणि तो येणार त्या सकाळी गेटवरच्या वहीत त्याचे नाव लिहिलेले असू द्या.